पाचर

मामांचे डोळे दाखवायला अंबाजोगाईला जायचं, हे दिवाळीपासून ठरत होतं. डाव्या डोळ्यानं त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. उजव्यानं समोर कुणीतरी आहे एवढं दिसायचं, पण कोण आहे ते आवाजावरून ओळखायला लागायचं. आधी सोयाबीनची रास आडवी आली, मग हरभऱ्याची पेरणी. मामा म्हणाले, येळवस होऊ दे, मग जाऊ. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, शेतात पूजा आणि जेवणाचा सण. ती झाली, आंबील-भज्जी झाली, आणि पुढच्या आठवड्यात मी भल्या सकाळी लातूरहून मोटरसायकल काढून रेणापूरच्या अलीकडं त्यांच्या गावाला गेलो. मामीनं भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली. मामा मफलर गुंडाळून मागं बसले, एक हात माझ्या खांद्यावर.

बर्दापूर यायचं होतं. थंडी मी म्हणत होती, दोन्ही बाजूंनी तूर वाळत उभी होती. एका लहानशा चढाला मी गाडी दुसऱ्यात टाकली आणि मागून ‘खट्’ असा आवाज आला. लगेच चेनकव्हरच्या आत खडखड सुरू झाली आणि गाडी एका अंगाला ओढायला लागली. मी बाजूला घेतली.

“काय झालं रं बापू?”

“बघतो मामा. चेन सैल पडल्यासारखी वाटती.”

डबल स्टँडला लावून वाकून पाहिलं. चेन सैल पडायचं कारण तिथंच दिसत होतं. डाव्या बाजूचा ॲडजस्टर मोडला होता. त्याची आट्यांची दांडी, नट आणि मागची टोपी मागं रस्त्यात कुठंतरी पडलेली. एक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या आसावर, राहिली होती फक्त पुढची पट्टी, भोकात एक्सल घेऊन बसलेली.

ज्यांनी कधी वाकून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटरसायकलचं मागचं चाक ज्याच्यात बसतं त्याला आपल्याकडचे मेकॅनिक चिमटा म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. चिमट्याच्या दोन्ही टोकांना एक-एक लांबट खाच असते. एक्सल त्या खाचेत असतो, म्हणजे चाक थोडं पुढं-मागं सरकवता येतं. चेन जुनी होत जाते तशी लांब होते, मग चाक थोडं मागं घ्यायचं. ते मागं ओढून धरायचं काम दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचं. मागचा नट फिरवला की दांडी मागं येते आणि एक्सलला सोबत आणते.

चेन लांब होते म्हणजे ती रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजतात त्या कड्यांमधल्या पिना आणि त्यांच्या भोवतीच्या नळ्या. लहान गाड्यांना जी ४२८ नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. कड्या शंभराच्या वर. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तर सगळी मिळून चेन सेंटिमीटरभर वाढते. एका सांध्याची झीज डोळ्याला दिसत नाही, बोटालाही कळत नाही. शंभर सांध्यांची बेरीज मात्र चेनकव्हरवर आपटायला लागते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असतं. ते धूळ-चिखलापासून चेनला जपतं, तसंच मालकाच्या नजरेपासूनही दूर ठेवतं. मधलं रबरी बूच काढून, बोटानं चेन वर-खाली करून इंचभर खेळते का ते बघायचं असतं. मी ते बूच किती महिन्यांत काढलं नव्हतं, ते मलाच आठवत नव्हतं.

मोडकी पट्टी काढून हातात घेतली. मोडीकडं बघितलं आणि पोटात कालवलं. मोडीचा अर्ध्याहून जास्त भाग तांबूस-काळा होता, गंजलेला, जुना. उरलेला काठाचा तुकडा चांदीसारखा लखलखीत. लखलखीत भाग त्या सकाळचा, काळा भाग कितीतरी आधीचा. दांडीला चीर कधीच पडली होती. चिरेत पाणी गेलं, गंज आत शिरला, आणि उरलेल्या टिचभर लोखंडावर मी मामांना मागं बसवून निघालो होतो.

चीर का पडली तेही मला कळलं. दसऱ्याच्या सुमारास चेन मीच घरी ताणली होती. एक्सलचा नट नीट सैल न करता, अर्धवट सोडून, ॲडजस्टरचा नट पान्यानं रेटून फिरवला होता. एक्सल जागचा हलत नव्हता आणि मी दांडी ओढत होतो. मग एक्सलचा नट आवळताना आखूड पाना वापरला, पुरता जोर लागलाच नाही. एक्सल घट्ट असता तर ॲडजस्टर मोडूनही चाक जागचं फारसं हललं नसतं. दोन्ही चुका माझ्या, आणि त्या सकाळी त्या एकमेकींना भेटल्या.

डावीकडं चेन, म्हणजे सगळी ओढ डावीकडं. डावं टोक खाचेत पुढं सरकलेलं, उजवं जागेवर. चाक तिरकं होऊन टायर चिमट्याच्या उजव्या दांडीला घासायला आलं होतं. मागच्या ब्रेकचा रॉडही सैल पडला होता. अशा गाडीवर एक किलोमीटरही जाणं बरं नव्हतं.

मामांना मी सगळं सांगितलं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. म्हणाले, “तार हाय का?”

तार नव्हती. पण पलीकडच्या शेतात आखाडा, म्हणजे शेतकऱ्याची रानातली वस्ती होती, समोर तुरीच्या पेंढ्या आणि एक माणूस. त्यानं सेंट्रिंगची बारीक तार दिली, पक्कडही दिली. मी चाक मागं रेटलं, तारेचे चार पदर एक्सलच्या टोकाला घातले, चिमट्याच्या मागच्या टोकावरून घेतले, पीळ दिला. छान आवळल्यासारखं वाटलं. गाडी स्टँडवरून काढून पन्नास पावलं ढकलली, पहिल्यात टाकून जरा क्लच सोडला, आणि पीळ उकलला नसतानाही तार ढिली पडली. मऊ तार ती, ताणली गेली. आणखी पदर घातले असते तरी ताणलीच गेली असती.

मामा उठून गाडीपाशी आले. मला म्हणाले, हात धरून दाखव. मी त्यांचं बोट खाचेवर नेलं. त्यांनी खाचेची लांबी अंगठ्यानं चाचपली, एक्सलचं टोक चाचपलं, मग चेनच्या दिशेनं हात फिरवला.

“चाक कुणीकडं पळतंय?”

“पुढं.”

“मग मागून वढून धरतोस कशाला? पुढून अडव की.”

मी ते वाक्य आजवर कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. ॲडजस्टर मागून ओढतो, कारण कारखान्यात तसं ठरलं. त्यानं नट फिरवून नेमकं माप घेता येतं. पण आम्हाला माप एकदाच घ्यायचं होतं. ते घेतलं की एक्सल पुढं सरकू नये, एवढंच पाहिजे होतं. मी मोडलेल्या वस्तूची नक्कल करत बसलो होतो. मामांनी ती वस्तू कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांनी फक्त जोर कुठून कुठं जातो ते विचारलं.

मामा सुतार. गावगाड्याचं बलुतं त्यांनी त्यांच्या वडलांच्या हाताखाली सांभाळलं, नंतर एकट्यानं. बैलगाडीची चाकं केली. बाभळीचे बारा आरे, सहा पुठे म्हणजे घेराचे तुकडे, एका पुठ्यात दोन आरे, मधे आरे बसायचा तुंबा. वरून लोखंडी धाव चढवायची. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात तापवली की ती फुगते, लाल असतानाच सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि घागरींनी पाणी ओतायचं. वाफ उठते, धाव आवळते, आणि चाकाचा प्रत्येक सांधा करकर वाजत आपापल्या जागी घट्ट होतो. लहानपणी सुट्टीत मी ते बघायला धावत जायचो. पुढं टायरच्या गाड्या आल्या आणि मामांचं काम नांगर-कुळवाच्या दुरुस्तीवर आलं, मग दारं-खिडक्यांवर, मग खोऱ्या-कुदळींच्या दांड्यांवर. दांडा बसवायचा म्हणजे पाचर आलीच. पाचर हा त्यांच्या हातचा शेवटचा उरलेला धंदा.

आखाड्यावर कुदळीचा मोडका दांडा मिळाला. मी आधी बांधावरच्या बाभळीची फांदी तोडायला निघालो होतो, मामांनी थांबवलं. ओलं लाकूड दबतं, चालायचं नाही. त्यांनी दांडा दगडावर आपटला, आवाज ऐकला, पुन्हा आपटला. “बाभळच हाय. चांगली वाळलीया.” शेतकऱ्यानं कुऱ्हाड दिली. मला वाटलं मी तासावं, मामांना दिसत नाही. त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली.

पुढचं मी फार जवळून पाहिलं. त्यांनी दांड्याचा वीतभर तुकडा पाडला आणि तो उभा फोडला. फोडलेल्या अंगावरून अंगठ्याचं नख फिरवत रेषा कुठून कुठं जाते ते बघितलं. बघितलं असंच म्हणायला पाहिजे, दुसरा शब्द नाही. रेषा त्यांना लांबीनं, पुढून मागं जाणारी हवी होती. लाकूड रेषेच्या दिशेनं दाबलं तर फार सोसतं, आडवं दाबलं तर चेपतं. मग कुऱ्हाडीचं पातं जवळ धरून, दांडा आखूड पकडून, ढलप्या काढायला लागले. चार घाव, मग बोट. दोन घाव, मग खाचेत घालून बघणं. डावा हात लाकडावर आणि उजवा कुऱ्हाडीवर, दोन्हींत दोन बोटांचं अंतर. मला बघवत नव्हतं, पण त्या हातांत कुठं थरथर नव्हती.

चाक सरळ कसं आणायचं हा दुसरा प्रश्न. चिमट्यावर खुणा असतात, पण मागचा भाग मोडल्यावर डावीकडच्या खुणेशी जुळवायला काही उरलं नव्हतं. मामा म्हणाले, एक काडी आण. आखाड्यापुढं येळवशीची कोप, म्हणजे पूजेसाठी उभारलेली कडब्याची खोप, अजून उभी होती, मी सवयीनं तिच्याकडं वळलो. “कोपीला हात लावू नको,” मामा मागून म्हणाले. पावलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं असणार. पेंढ्यांच्या ढिगातून एक सरळ तुराटी घेतली. उजवी बाजू शाबूत होती. तिथं चिमट्याच्या पुढच्या बोल्टाच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत तुराटी धरली आणि तेवढीच मोडली. तीच डावीकडं लावायची. एक्सल तिच्या टोकाला आला की चाक सरळ. नजर माझी आणि हात मामांचे असं ते काम चाललं. मी “अजून दोराभर मागं” म्हणायचो, ते पाचर दोराभर कमी-जास्त करायचे.

शेवटी मी जमिनीवर बसून दोन्ही पायांनी टायर मागं रेटून धरलं आणि मामांनी खाचेत, एक्सलच्या पुढं, बोटाच्या पेराएवढी ती पाचर बाहेरून घातली. कुऱ्हाडीच्या मागच्या अंगानं तीन हलके ठोके. तुराटी लावून बघितली, बरोबर. मग मोठा पाना घेऊन एक्सलचा नट आवळला. शेतकऱ्यानं पान्याला पाइपचा तुकडा लावायला दिला, म्हणजे यावेळी जोर पुरता लागला. खरी पकड त्या नटाचीच असते, पाचर तिच्या पाठीशी उभी राहते. तार वाया गेली नाही. पाचर धक्क्यानं बाहेर निसटू नये म्हणून तिच्यावरून चिमट्याला चार वेढे दिले.

एवढं झाल्यावर मामांनी पाण्याची बाटली मागितली. मला वाटलं तहान लागली. त्यांनी फडकं भिजवलं आणि पाचरीवर पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. वाळलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, पण फुगतं ते आडवं. लांबीनं जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे आमचं माप होतं तसं राहणार, आणि पाचर खाचेत वर-खाली आवळून बसणार. लाकडाचा हा स्वभाव मला त्या दिवशी कळला. मामांना तो साठ वर्षं माहीत होता, धाव आणि पाणी हाताळून.

ब्रेकचा नट फिरवून पायाला अंदाज घेतला. शेतकऱ्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. भाकरी मात्र तिघांनी तिथंच खाल्ली.

मग तिसऱ्यापलीकडं गिअर न टाकता, पंचवीस-तीसच्या वेगानं निघालो. बर्दापूर फाट्यावर थांबून हात लावून बघितलं. पुढं आणखी एकदा. दोन्ही वेळा मामा स्वतः उतरले आणि बोटानं चाचपलं. पाचर होती तिथंच होती. अंबाजोगाईत शिरताना ऊन चढलं होतं. दवाखान्याच्या आधी मी गाडी गॅरेजला लावली, मग मामांना घेऊन चालत गेलो. रांग मोठी होती. बाकावर बसून राहिलो तेव्हा मला जे वाटत होतं ते इथं लिहितो.

अशा दुरुस्तीला आता सगळेच जुगाड म्हणतात. त्याचं कौतुकही पुष्कळ होतं. मला तो शब्द मामांच्या कामाला लावावासा वाटत नाही. आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार आहेत, वेळ मारून नेणं आणि वेळ निभावून नेणं. ऐकायला शेजारी-शेजारी, पण त्यांच्यात फार अंतर आहे. दसऱ्याला मी जे केलं ते वेळ मारून नेणं. चेन वाजत होती, आवाज थांबला, मी हात धुतले. जोर कुठं लागतोय, दांडी का हलत नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. मामांनी केलं ते वेळ निभावून नेणं. त्यात लाकूड कुठलं, वाळलेलं का ओलं, रेषा कोणत्या दिशेला, पाणी कधी, या सगळ्याची उत्तरं होती, आणि दर काही मैलांनी उतरून हात लावायची तयारी होती. माझी दुरुस्ती पाना आणि नट असूनही चोरटी होती. त्यांची लाकडाची असून खरी होती.

आणि ती मुक्कामापुरती होती, हे त्यांना शेतातच माहीत होतं. पाणी पिळताना ते म्हणाले होते, “गावात गेल्या-गेल्या काढायची बरं का. ऊन लागलं की हे पुन्हा वाळतंय.” वाळलं की आकसतं, आकसलं की निसटतं. हे सांगायला पाहिजे, कारण अशी गोष्ट वाचून कुणी पाचरीवर महिनाभर गाडी फिरवू नये. तारेवर, सुतळीवर, चिकटपट्टीवर चालणाऱ्या किती गाड्या आणि किती मोटारपंप मी आमच्या भागात पाहतो. ज्या दिवशी बांधलं त्या दिवशी ते बरोबरच होतं. सोडायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पूर्ण पिकलेला. आधी डाव्याचं ऑपरेशन, तारीख दिली. इतके दिवस का थांबलात, असं त्यांनी विचारलं. मामा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. खिशातल्या मोडक्या पट्टीवरून माझं बोट फिरत होतं.

गॅरेजवर परतलो तेव्हा पोरानं पाचर काढून ठेवली होती. नवा ॲडजस्टर बसला होता. दोघांच्या चहा-भज्यांपेक्षा त्याला फार जास्त लागलं नाही. पाचर मी मागून घेतली. एक्सल टेकला होता तिथं अर्धचंद्रासारखा खोलगट ठसा, आत लाकूड दबून शिसवीसारखं काळं आणि गुळगुळीत झालेलं. बाकी कुठं चीर नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऑपरेशन झालं. पंधरा-वीस दिवसांनी मी गावाला गेलो. मामा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. मला लांबूनच बघून त्यांनी हाक मारली, आवाज ऐकायच्या आधी. चहा झाला. मी पाचर खिशातून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली, चष्मा कपाळावर सारला, मग फिरवून सगळ्या अंगांनी पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“रेषा तिरकी गेलीया बघ हितं,” शेवटी म्हणाले. “नखाला सरळ लागली होती. खालच्या अंगाला तिरकी हाय.” मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी नखानं दाखवल्यावर दिसलं. कोपऱ्यातून जाणारी, केसाएवढी कललेली रेष. “आनखी पाच-सा कोस गेलो असतो तर हितून उकलली असती.”

पाचर त्यांनी ओट्याखालच्या ढलप्यांत टाकली. मामी रोज तिथूनच चुलीला घेऊन जायच्या. मग मला विचारलं, “उजव्या बाजूचा बदललास का?”

“कशाचा?”

“त्या लोखंडाचा. डावं आन उजवं एकाच दिवशी बसवल्यालं आसंल ना?”

मी नाही म्हणालो. मामा ओट्यावरून उतरले, चष्मा नीट लावला आणि गाडीकडं चालायला लागले. मी मागोमाग जाऊन डिकीतला मोठा पाना काढला.